भय पुष्कळ झालं, आता प्रेम हवं

थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी दिसते. बेटावरच्या वेताळाला कोळी आपला राखणदार मानतात. भुतांचा हा राजा दर्यावर गेलेल्यांना सांभाळतो. लोकमनात भुताशी असं घरोब्याचं नातं असताना मराठी साहित्याने मात्र त्याला बहुतेकदा घाबरवण्याच्याच कामाला जुंपलं. म्हणूनच रक्तपिपासू उमरावीण आणि तिची दासी यांच्यातल्या प्रेमाची हसरी, अद्भुत गोष्ट आपल्याकडे अजून रुजलेली नाही. जपानी मांगामध्ये अशा खेळकर प्रेमकथा आज आवडीने वाचल्या जातात.

या प्रकाराचं मूळ भयकथेतच आहे. शेरिडन ल फानू या आयरिश लेखकाची 'कार्मिला' 1872 मध्ये पुस्तकात आली, 'ड्रॅक्युला'च्या 25 वर्षं आधी. तिच्यातली काउंटेस लॉरा नावाच्या तरुणीवर जीव टाकते. लॉराही ओढली जाते आणि शहारतेही. शेवटी थडगं उघडून काउंटेसच्या छातीत खुंटी ठोकली जाते. नव्या लेखिकांनी सुळे ठेवले, शिक्षा तेवढी रद्द केली. या प्रकाराचं मोठं यश मला तिथे दिसतं.

मराठीला अद्भुताचं वावडं कधीच नव्हतं. आपली कादंबरी बाळसं धरत होती ती 'मुक्तामाला' (1861) आणि 'मंजुघोषा' (1868) यांसारख्या अद्भुतरम्य कथांवर. पुढे वास्तववादाचा दबदबा वाढला आणि अद्भुत बाजूला पडलं. नारायण धारपांनी 'लुचाई'त रक्तपिपासू मराठी मातीत आणला, रत्नाकर मतकरींनी गूढकथेला प्रतिष्ठा दिली. पण दोघांचाही मुख्य रस भयाचा. 'झपाटलेला' (1993) आणि 'पछाडलेला' (2004) या चित्रपटांनी भुतांवर पोट धरून हसायला शिकवलं. तिथेही प्रेम तोंडी लावण्यापुरतंच.

दोन स्त्रियांच्या प्रेमाच्या वाट्याला तर हसूही आलं नाही. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे धाडसी नाटक. पण सुमित्राची व्यथा आपल्यापर्यंत पोचते ती तिचा मित्र बापू याच्या तोंडून, आणि तिची अखेर आत्महत्येत होते. त्या काळात ती शोकांतिका आवश्यकच होती. तिच्यानंतर सुखान्ताची वाट मात्र मळली नाही.

दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी 'झोंबिवली' (2022) हा चित्रपट मराठीत केला. वेताळांच्या जगातली त्यांची 'थामा' (2025) ही प्रेमकथा मात्र हिंदीत. वेताळ आपला, दिग्दर्शक आपला, भाषा तेवढी दुसऱ्याची. याची मला खंत वाटते.

उमरावीण आणि दासीची ही गोष्ट थळच्या एखाद्या वाड्यात सहज घडू शकेल. माजघरात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या. लसणाला भिणाऱ्या बाईसाहेब कांद्यालाही भितात का, हे घरकाम करणाऱ्या मुलीला ठरवायचं आहे. ती एक वेणी काढून हळूच पुढे धरते, बाईसाहेब दोन पावलं मागे सरतात, मग मानभावीपणे म्हणतात, "उन्हाची तिरीप आली गं." एवढ्या प्रसंगात दोघींची ओळख होते, आणि वरचढ कोण तेही कळतं.

इथेच लेखकाची खरी कसोटी आहे. मालकीण आणि मोलकरीण यांचं प्रेम गोड दाखवताना पगार, जात, खालची मान हे सारं झाकलं, तर तो खेळकरपणा खोटा ठरेल. रक्त पिणं ही शोषणाची इतकी उघड प्रतिमा आहे की तिच्याकडे कानाडोळा करता येत नाही. विचारल्याशिवाय घोट नाही आणि नाही म्हटल्यावर नोकरी जात नाही, एवढा नियम कथेने पाळला तर हसू आणि न्याय एकत्र नांदतील.

मराठीला विषयांची वाण नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांनी दरवर्षीच्या भयकथांच्या शेजारी एक तरी अशी प्रेमकथा मागवावी, आणि तरुण लेखिकांनी ती सुखान्त करून पाठवावी.