दीर्घकालीन पर्जन्य-अंदाजाची भाषा आणि हौशी अभ्यासक

नैर्ऋत्य मोसमी पावसाचा अंदाज महिनेमहिने आधी वर्तविण्याची प्रथा भारतात जुनी आहे. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८२ पासून हिमालयातील बर्फाच्या आधारे चाचणीदाखल अंदाज केले आणि १८८६ मध्ये त्यांना नियमित स्वरूप आले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी या कामास संख्याशास्त्राचा पाया दिला. आज हे काम भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील कार्यालयात चालते. एप्रिलमध्ये पहिला अंदाज प्रसिद्ध होतो, आणि मेच्या अखेरीस सुधारलेला दुसरा.

या अंदाजाचा एक नवा वाचकवर्ग अलीकडे तयार झाला आहे. घराच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता पावसाची नोंद करणारे शिक्षक, शेतकरी, निवृत्त अभियंते, महाविद्यालयीन विद्यार्थी असे हे हौशी अभ्यासक होत. मूळ निवेदन स्वतः वाचावे आणि आपल्या गावाला ते मराठीत समजावून सांगावे, ही त्यांची उमेद. ‘परिभाषा फार बोजड आहे’ ही त्यांची नित्याची तक्रार. ती खोटी नाही. परंतु बोजडपणा नेमका कोठे आहे, याचे त्यांनी केलेले निदान मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

तक्रारीत पहिली नावे येतात ती परकीय शब्दांची: एल निनो, ला निना, हिंदी महासागरातील द्विध्रुव, मॅडन-ज्युलियन आंदोलन. वस्तुतः या शब्दांनी फारसे नुकसान होत नाही. ‘एल निनो’ हा स्पॅनिश शब्द पेरूच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या बोलीतून शास्त्रात आला. मराठी वाचकाला तो अपरिचित आहे आणि अपरिचित आहे हे त्याला ठाऊकही असते. म्हणून तो थांबतो, विचारतो, अर्थ शोधतो. परिभाषेचा खरा धोका याच्या उलट टोकास आहे. जो शब्द घरातला वाटतो, त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. आणि या अंदाजातील सर्वांत निर्णायक शब्द नेमके तसेच घरातले आहेत. ‘सर्वसाधारण’, ‘तुरळक’ आणि ‘शक्यता’ ही त्यांतील तीन ठळक उदाहरणे.

प्रथम ‘सर्वसाधारण’ हा शब्द घेऊ. देशभराच्या हंगामी अंदाजात दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण पाऊस. ही सरासरी १९७१ ते २०२० या कालखंडावरून काढलेली असून ती ८७ सेंटिमीटर आहे. त्यापूर्वी १९६१ ते २०१० या कालखंडावरून ती ८८ सेंटिमीटर धरीत असत. परंतु तोच विभाग उपविभागाच्या वा जिल्ह्याच्या प्रत्यक्ष पावसाचे वर्गीकरण करतो, तेव्हा सरासरीहून १९ टक्के कमी येथपासून १९ टक्के अधिक येथपर्यंतचा सर्व पाऊस ‘सर्वसाधारण’ ठरतो. लहान क्षेत्रात पावसाचा चढउतार मोठा असतो, म्हणून तेथे मर्यादा रुंद ठेवणे शास्त्रास धरूनच आहे. प्रश्न उरतो तो एकाच शब्दाने दोन मापे दाखविण्याचा. शिवाय बोली मराठीत ‘सर्वसाधारण’ म्हणजे ‘नेहमीसारखे, चिंता नसलेले’. हा तिसरा अर्थ कोणत्याही कोष्टकात नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात मात्र तोच पहिल्याने उमटतो.

१९५० नंतर मराठीत परिभाषेवर जेवढी चर्चा झाली, ती बहुतेक कठीण संस्कृत शब्दांविषयी झाली. सोप्या शब्दाला शास्त्राने दिलेला मर्यादित अर्थ वाचकापर्यंत कसा पोहोचवावा, हा प्रश्न तीत दुय्यम राहिला. त्याचे मोल किती, हे २०२३ सालच्या पावसाने दाखवून दिले. त्या एप्रिलचा अंदाज सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा होता आणि त्यात ५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा होती. मथळा झाला ‘पाऊस सर्वसाधारण’. प्रत्यक्षात ९४ टक्के पाऊस पडला. मुभा लक्षात घेता अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. परंतु जूनमध्ये सुमारे ९१, जुलैत ११३, ऑगस्टमध्ये अवघा ६४ आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा ११३ टक्के, असा तो पाऊस पडला. १९०१ पासूनच्या नोंदींत एवढा कोरडा ऑगस्ट दुसरा नव्हता. हंगामाच्या अखेरीस मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा हे दोन्ही उपविभाग ‘सर्वसाधारण’ याच वर्गात बसले, आणि ऑक्टोबर संपण्याच्या सुमारास राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सर्वसाधारण पाऊस आणि दुष्काळ ही दोन्ही विधाने आपापल्या व्याख्येनुसार खरी होती. ज्याचे सोयाबीन शेंगा भरण्याच्या वेळी वाळले, त्या माणसाला हे कोणत्या भाषेत सांगावयाचे?

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हवामानशास्त्र विभागाने २०१६ मध्ये आपल्या परिभाषेतून ‘दुष्काळ’ हा शब्द काढून त्याऐवजी ‘अपुऱ्या पावसाचे वर्ष’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. दुष्काळ ठरविणे हे शासनाचे काम आहे, हे कारण समजण्याजोगे आहे. तथापि त्यामुळे पावसाची भाषा आणि पिकाची भाषा यांतील अंतर वाढले, हेही खरे.

‘तुरळक’ या शब्दाची गंमत निराळी आहे. दैनंदिन अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘काही’, ‘बऱ्याच’ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द त्याच शिडीच्या पुढच्या पायऱ्या. म्हणजे हा शब्द पावसाचा विस्तार सांगतो, जोर सांगत नाही. बोलीत मात्र ‘तुरळक पाऊस’ म्हणजे चार थेंब. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ हे विधान ऐकणाऱ्यास हास्यास्पद वाटते. वास्तविक त्यात इशारा असतो: थोड्या ठिकाणी, परंतु तेथे २४ तासांत ११५ मिलिमीटरहून अधिक.

‘शक्यता’ या शब्दाकडे हौशी अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. २०२३ च्या त्याच निवेदनात एक लहानसे कोष्टक होते. सर्वसाधारण पावसाची शक्यता ३५ टक्के, सरासरीपेक्षा कमी २९, अपुरा २२, सरासरीपेक्षा अधिक ११ आणि अतिरिक्त ३ टक्के. पाच वर्गांत सर्वांत मोठा आकडा ३५ चा, म्हणून मथळा सर्वसाधारणचा. परंतु खालच्या दोन वर्गांची बेरीज ५१ होते, आणि एरवी, कोणतेही विशेष ज्ञान नसता, ती बेरीज ३३ धरली जाते. पाऊस कमी पडण्याकडे वर्षाचा कल आहे, हे त्या कोष्टकाने स्पष्ट सांगितले होते. ते लपविलेले नव्हते. वाचले गेले नाही, एवढेच. ‘४५ टक्के शक्यता’ असे नकाशावर दिसले की निम्म्याहून कमी म्हणून वाचक ती सोडून देतो. तीन समान वर्गांच्या नकाशात मूळ शक्यता ३३ असते आणि ४५ हा तिच्यावरचा भक्कम कल आहे, हे त्यास कोणीच सांगत नाही.

हे सांगणे हेच हौशी अभ्यासकाचे कार्य होय. दुर्दैवाने त्यांतील पुष्कळांचे लक्ष भलत्याच शब्दांकडे असते. महासागराच्या तापमानाची आद्याक्षरे आणि प्रतिमानांची नावे वाक्यावाक्यात आली की लेखनास अधिकार येतो, अशी समजूत दिसते. परकीय शब्द अशा वेळी अर्थ सांगण्याऐवजी बिल्ल्यासारखा मिरवला जातो. दुसरीकडे, सोपे करण्याच्या भरात ‘यंदा पाऊस बरा’ असे लिहिणारेही आहेत. त्यांनी आकडा टाकला, मर्यादा टाकली, आणि वाचकाच्या हाती मथळ्याहूनही कमी ठेवले.

जुनी पर्जन्यभाषा परत आणावी, असा एक उपाय सुचविला जातो. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा या नावांनी पावसाळ्याचे तेरा-चौदा दिवसांचे भाग पाडले होते आणि खंड, झड, उघडीप, वापसा हे शब्द पिकाशी थेट जोडलेले होते. काळाची विभागणी हा त्या भाषेचा गुण एकरकमी हंगामी टक्केवारीत नाही. पंचांगातील नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस ठरविण्यास मात्र काहीही आधार नाही. म्हणून शब्द घ्यावेत, भाकित घेऊ नये. आणि ऑगस्टमधील खंड एप्रिलमध्ये सांगणे आजच्या शास्त्रास साधलेले नाही, हेही लोकांस सांगावे.

चांगल्या वाक्याचा नमुना दूर शोधावयास नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, हा कृषी खात्याचा नेहमीचा सल्ला. त्यात माप आहे, कृती आहे, आणि आवारातल्या पर्जन्यमापकाने ते पडताळता येते. हंगामी अंदाज सांगतानाही हौशी अभ्यासकाने याच रीतीने ‘सर्वसाधारण’ कितीपासून कितीपर्यंत, कोणत्या क्षेत्रासाठी, आणि खालच्या वर्गांची बेरीज किती, एवढे तीन आकडे प्रत्येक वेळी लिहावेत. दुबार पेरणीचे बियाणे विकत घेण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याला एल निनोची व्युत्पत्ती कळली नाही तरी चालेल; हे तीन आकडे मात्र एप्रिलमध्येच कळले पाहिजेत.