पाच मीटर उंचीचं टेबल

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधली एक मुलगी यंदा दहावीला आहे. रविवारी विज्ञानातल्या शंका घेऊन येते. परवा तिने एक गणित सोडवून दाखवलं. चेंडू टेबलावरून पडतो, १ सेकंदात जमिनीवर पोचतो, गुरुत्व त्वरण १० धरा. वेग आणि टेबलाची उंची काढा. तिची उत्तरं: १० मीटर प्रति सेकंद आणि ५ मीटर. पुस्तकाशी जुळली, खूण केली, पुढचं गणित.

मी म्हटलं, "हे टेबल आपल्या घरात मावेल का गं?" तिने छताकडे पाहिलं आणि हसली. छत जेमतेम तीन मीटरवर.

गणित बालभारतीच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १' मधलं आहे. २०१८ साली आलेलं पुस्तक, पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षण. त्याच स्वाध्यायात एक वस्तू सरळ वर ५०० मीटर जाते. उत्तर, सुरुवातीचा वेग १०० मीटर प्रति सेकंद आणि परत यायला २० सेकंद. म्हणजे ताशी ३६० किलोमीटर! ती वस्तू टेनिसचा चेंडू असेल असं धरून मी हवेचा विरोध घालून हिशोब केला. चेंडू साधारण ७५ मीटरवरच थांबतो, आणि खाली येताना त्याचा वेग २२-२३ च्या पुढे जातच नाही.

पुस्तकावर अन्याय नको. खरं मुक्त पतन निर्वातातच होतं, हे त्याच धड्यात लिहिलंय. टेनिसच्या चेंडूचं सोडवलेलं उदाहरणही चांगलं आहे: ४.०५ मीटर उंची, ९ चा वेग, एकूण १.८ सेकंद. इथे हवा धरली तर उंचीत ३० सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणजे हवेकडे दुर्लक्ष कुठे चालतं आणि कुठे अजिबात नाही, हे दाखवणारी दोन्ही गणितं एकाच धड्यात आहेत. पण ती शेजारी ठेवून प्रश्न कोणी विचारत नाही. आपले क्लासवाले तर नाहीच.

माझी दुसरी तक्रार चिन्हांबद्दल आहे. त्या उदाहरणात वर जाताना त्वरण ऋण आणि खाली येताना धन. दहावीला चालून जातं, पण अकरावी-बारावीत आणि पुढे प्रवेश परीक्षांमध्ये हीच सवय नडते. पाच मजली बिल्डिंगची गच्ची घ्या, उंची १५ मीटर, तिथून चेंडू १० च्या वेगाने वर फेकला. तो खाली कधी पोचेल? तुकडे करू नका. वरची दिशा धन, ती शेवटपर्यंत धनच, आणि त्वरण पूर्ण वेळ उणे १०. वेळ क्ष धरली की ५क्ष² − १०क्ष − १५ = ०. उत्तरं ३ आणि उणे १. बहुतेक जण उणे १ वर काट मारतात. मारण्याआधी जरा थांबा. चेंडू गच्चीऐवजी एक सेकंद आधी जमिनीवरून २० च्या वेगाने निघाला असता, तर गच्चीपाशी त्याचा वेग बरोबर १० असता. समीकरणाला गच्ची माहीत नाही, ते पूर्ण मार्ग सांगतं.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय असं नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी तेलातून खाली जाणाऱ्या थेंबांचे वेग मोजून मी झोकात आलेख नेला होता. समीकरण बरोबर, कोड बरोबर. गाईडनी विचारलं, "थेंब फास्ट लोकलपेक्षा जोरात जातोय का?" मिलिमीटर होते, मी मीटर लिहिले होते. थेंबाचा वेग ३० मीटर प्रति सेकंद! तीन आठवडे तो आकडा रोज डोळ्यांसमोर होता. नेट-सेटची तयारी करताना पर्याय जुळला की पुढे जायची सवय लागते, ती लॅबमध्ये अशी बाहेर येते.

तर त्या मुलीने घरचं टेबल मोजलं, ७५ सेंटिमीटर. गणित उलटं केलं: ०.३९ सेकंद. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तीन वेळा तीन वेगळी उत्तरं आली, कारण बोटच तेवढा वेळ घेतं. आता स्लो-मोशन व्हिडिओ काढायचा बेत आहे. सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे ९३ फ्रेम यायला हव्यात. १० ऐवजी आपल्याकडचं खरं ९.७९ धरलं तर ९४. येत्या रविवारी मोजणार आहोत.