‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ : हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या पॅनोरमा-छायाचित्रांची एक चिकित्सा

१

‘पॅनोरमा’ हा शब्द घडणीने ग्रीक असला तरी तो प्राचीन ग्रीकांचा नव्हे. ‘सर्व’ आणि ‘दृश्य’ अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची सांगड घालून तो अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये तयार करण्यात आला. रॉबर्ट बार्कर ह्या चित्रकाराने १७८७ मध्ये आपल्या वर्तुळाकार चित्रपद्धतीचे एकस्व मिळविले, आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये अशा चित्रांसाठी एक खास गोल इमारत उभी राहिली. प्रेक्षक मध्यभागीच्या चौथऱ्यावर उभा राही आणि चित्र त्याला चहूबाजूंनी वेढून टाकी. म्हणजे ‘सर्व’ दाखविण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या ह्या कलाप्रकारात पाहणाऱ्याची जागा आरंभी अगदी निश्चित होती. तिच्यावाचून चित्र पुरे होत नसे.

मराठीत ह्या अर्थाच्या जवळ जाणारे शब्द दोन : ‘सिंहावलोकन’ आणि ‘विहंगावलोकन’. दोन्ही षष्ठी तत्पुरुष समास आहेत. चालून आलेली वाट मान वळवून पाहतो तो सिंह. वरून खाली पाहतो तो विहंग. ‘पॅनोरमा’ हा शब्द काय पाहिले ते सांगतो, ‘विहंगावलोकन’ हा शब्द कोणी पाहिले ते सांगतो. हा भेद केवळ शब्दघडणीचा नाही. हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या विस्तृत छायाचित्रांची जी चिकित्सा पुढे करावयाची आहे, तिचे बीज ह्याच भेदात आहे.

तोच भेद मराठी वाक्यरचनेतही आढळतो. ‘मी गड पाहतो’ ह्या वाक्यात पाहणारा प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्या अंकित आहे. ‘मला गड दिसतो’ ह्या वाक्यात मात्र क्रियापद गडाशी जुळते आणि पाहणारा चतुर्थीत जाऊन बसतो. ‘पाहणे’ ह्या क्रियेतून पाहणाऱ्याचा उल्लेख गाळला, तरी ‘पाहतोस’, ‘पाहता’, ‘पाहतात’ अशा रूपांतून त्याचा माग लागतो. ‘दिसणे’ ह्या क्रियेत तसे होत नाही. ‘मला’ गाळले की ‘गड दिसतो’ एवढे वाक्य उरते. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते आणि कोणाला दिसतो ह्याची खूण त्यात कोठेही राहत नाही. आकाशातून घेतलेला आधुनिक पॅनोरमा हे असे चतुर्थी गाळलेले वाक्य आहे, आणि त्याचे सामर्थ्य व त्याचा दोष ही दोन्ही ह्या एकाच लोपातून उद्भवतात, असे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

हा लोप आपोआप होत नाही. तो परिश्रमाने घडवून आणावा लागतो. हेलिकॉप्टरचे दार उघडे ठेवलेले अथवा काढून टाकलेले असते. छायाचित्रकार पट्ट्यांनी स्वतःला जखडून घेऊन त्या पोकळीशी बसतो. यंत्राची थरथर कॅमेऱ्यात उतरू नये म्हणून तो कोपर विमानाच्या अंगाला टेकवीत नाही, आणि झडपेचा वेग शक्य तितका वाढवितो. वैमानिक हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवतो, अथवा त्याच जागी हळूहळू फिरवितो. ह्या अवधीत एकमेकांवर काही अंशी चढणारी अनेक छायाचित्रे घेतली जातात आणि पुढे संगणकावर ती जोडली जातात. वस्तुतः जोड निर्दोष व्हावयाचा तर कॅमेरा एकाच बिंदूभोवती फिरला पाहिजे, आणि हवेत तरंगणाऱ्या यंत्राला ते सर्वस्वी साधत नाही. तथापि खालची वस्तू शेकडो मीटर दूर असल्यामुळे थोडीशी हालचाल खपून जाते. जवळचा मनोरा किंवा सुळका मध्ये आला की ती खपत नाही, आणि जोडाची रेषा उघडी पडते.

पूर्ण गोलाकार पॅनोरमात आणखी एक अडचण येते. माथ्यावर पंख फिरत असल्यामुळे थेट वरचे आकाश टिपता येत नाही, आणि खालच्या बाजूस यंत्राचा पाय किंवा दाराची चौकट चित्रात डोकावते. म्हणून माथ्यावरचे आकाश मागाहून भरले जाते आणि यंत्राच्या खुणा पुसल्या जातात. अखेरीस जे चित्र तयार होते त्यात हेलिकॉप्टर नसते, छायाचित्रकार नसतो, आणि काळही एकच नसतो. पहिल्या व शेवटच्या चौकटीत गेलेला अवधी ‘एका क्षणा’चे सोंग घेऊन बसतो. रस्त्यावरची एखादी मोटार दोनदा उमटावी किंवा अर्धीच उमटावी, ही ह्या सोंगाची चुकून राहिलेली कबुली होय.

ह्या सर्व कारागिरीला दोष देणे अन्यायाचे होईल. वाक्यरचना हीही कारागिरीच आहे, आणि कोणतेही वाक्य बोलणाऱ्याची सारी धडपड सांगत नाही. प्रश्न एवढाच उरतो : पुसलेल्या द्रष्ट्यामुळे दृश्याच्या अर्थात काही फरक पडतो काय?

३

ह्या प्रश्नाचे उत्तर एका गाजलेल्या चित्रावरून शोधता येईल. ‘एअरपॅनो’ हा हवाई पॅनोरमांना वाहिलेला रशियन छायाचित्रकारांचा उपक्रम आहे. त्यातील सर्गेई सेमियोनोव ह्यांच्या न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्कच्या पॅनोरमाला २०१२ च्या आंतरराष्ट्रीय पॅनोरमा स्पर्धेत हौशी गटाचे पहिले पारितोषिक मिळाले. मध्यभागी उद्यानाचा लांबट आयत, आणि त्याच्या चारही कडांना भिडलेली इमारतींची दाटी, अशी ह्या दृश्याची मांडणी आहे. सुमारे ४ किलोमीटर लांब आणि ०.८ किलोमीटर रुंद अशी ही ८४३ एकरांची भूमी एका दृष्टिक्षेपात सामावते. महानगराने आपल्या उदरात एवढी मोकळी जागा राखली, हा विचार जमिनीवरून बुद्धीला पटतो. येथे तो डोळ्यांना पटतो. ह्या चित्राचे यश निःसंशय आहे, आणि ते उंचीचे यश आहे.

परंतु ह्या उद्यानाची रचना कोणत्या डोळ्यांसाठी झाली होती? फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स ह्यांचा आराखडा १८५८ मध्ये निवडला गेला. त्यातील सर्वांत चतुर योजना म्हणजे उद्यान आडवे ओलांडून जाणारे चार रस्ते. शहराच्या वाहतुकीला ते आवश्यक होते, पण पायी फिरणाऱ्याच्या दृष्टीला त्यांचा उपसर्ग होऊ नये म्हणून ते खोलगट चरांतून नेण्यात आले. कडेची झाडी, वळणदार वाटा, उंचसखल भूमी ह्या सर्वांचा उद्देश एकच : चालणाऱ्याला कडा दिसू नये, शहर विसरले जावे. म्हणजे हे उद्यान ‘कडा नाही’ असे सांगणारे विधान आहे, आणि पॅनोरमा त्याच उद्यानाच्या चारही कडा दाखवून ते विधान खोडून काढतो. वरून दिसणारा आयत खरा आहे; परंतु ज्या कृतीचे दर्शन घडविल्याचा हा पॅनोरमा दावा करतो, तिचा गाभा त्या आयतात नाही. एखाद्या कवितेचे वृत्त मोजून तिचा आशय सांगितल्याचे समाधान मानावे, तसा हा प्रकार होतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आजच्या ८२ ते ८९ क्रमांकांच्या रस्त्यांच्या टप्प्यात, उद्यानाच्या पश्चिम अंगाला, १८२५ पासून सेनेका व्हिलेज नावाची वस्ती वाढत गेली होती. बहुतांशी आफ्रिकन-अमेरिकन असलेल्या ह्या वस्तीत १८५५ च्या सुमारास सव्वादोनशेच्या आसपास लोक राहत. काहींची स्वतःची जमीन होती. तेथे चर्चे होती, शाळा होती. उद्यानासाठी १८५७ पर्यंत ही वस्ती उठविण्यात आली. ‘सर्व’ दाखविणाऱ्या चित्रात ती कोठे दिसणार? कोणतेही छायाचित्र गेलेला काळ दाखवीत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो योग्यच आहे. परंतु जमिनीवरून घेतलेले छायाचित्र ‘हे सर्व आहे’ अशी प्रतिज्ञाही करीत नाही. पॅनोरमाची प्रतिज्ञा मोठी असल्यामुळे त्याच्या मौनाचा अर्थही मोठा होतो. जे त्यात नाही ते कधी नव्हतेच, असा ग्रह ते चित्र न बोलता करून देते.

४

ह्यावरून उंची हीच सत्याची वैरीण आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. ओ. जी. एस. क्रॉफर्ड आणि अलेक्झांडर किलर ह्यांचा दक्षिण इंग्लंडच्या हवाई छायाचित्रांचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. नांगराखाली सपाट झालेली प्राचीन शेते, चर आणि वसाहती तिरप्या उन्हातल्या सावल्यांवरून व पिकांच्या रंगभेदावरून वरून कशा ओळखता येतात, हे त्यावरून स्पष्ट झाले. तेथे उंचीने गेलेला काळच उघड केला. फरक एवढाच की त्या छायाचित्रांमागे एक प्रश्न होता, आणि प्रश्न विचारणारा कोणीतरी होता. ते ‘पाहणे’ होते. नुसते ‘दिसणे’ नव्हते.

भारतीय साहित्यपरंपरेलाही आकाशातून पाहणे अपरिचित नाही, आणि तेथेही द्रष्टा लोपलेला नाही. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात पुष्पक विमानातून राम सीतेला सागर व भूमी दाखवीत जातो. तेथील प्रत्येक दृश्य कोणीतरी कोणाला तरी दाखविलेले आहे, आणि विरहाच्या आठवणींनी त्यातली स्थळे निवडली आहेत. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात दुष्यंत इंद्राच्या रथातून उतरत असताना पर्वतशिखरांपासून पृथ्वी खाली सरकत असल्याचा, झाडांचे बुंधे प्रकट होत असल्याचा भास वर्णिला आहे. पृथ्वी तशी नाही. उतरणाऱ्याला ती तशी भासते. भास कोणाला होतो, हे कवीने लपविले नाही. म्हणूनच ते वर्णन भौगोलिक माहितीत न अडकता अनुभवाच्या पदवीस पोचते.

५

महाराष्ट्रापुरता विचार करता उद्धव ठाकरे ह्यांची ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) आणि ‘पाहावा विठ्ठल’ (२०११) ही छायाचित्रांची पुस्तके ह्या संदर्भात महत्त्वाची ठरतात. त्यांतील हवाई छायाचित्रे काटेकोर अर्थाने पॅनोरमा नसली तरी त्यांची दृष्टी विहंगाची आहे. पहिल्यात गडकिल्ल्यांना, तर दुसऱ्यात पंढरीच्या वारीला मोठे स्थान आहे.

गडांच्या बाबतीत उंचीचा लाभ मोठा आहे. राजगडाच्या मध्यावरचा बालेकिल्ला आणि त्यापासून तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी ह्या माच्या पायी जाणाऱ्याला एकामागून एक भेटतात. त्यांचा परस्परसंबंध त्याला मनात जुळवावा लागतो. आकाशातून तो एका दृष्टीत कळतो, आणि गड बांधणाऱ्याने डोंगराच्या मूळच्या घडणीचा किती नेमका उपयोग केला तेही कळते. परंतु ह्याच लाभाची दुसरी बाजू गोमुखी दरवाजात आहे. रायगडाचा महादरवाजा दोन भक्कम बुरुजांच्या आड अशा रीतीने दडविला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो नजरेस पडत नाही. सिंधुदुर्गाचे प्रवेशद्वारही असेच तटाच्या वळणात लपलेले आहे. हे दरवाजे बांधले गेले ते न दिसण्यासाठी. शत्रूच्या डोळ्यांना हुलकावणी देणे हाच त्यांचा अर्थ आहे. वरून पाहणाऱ्याला त्यांची वळणे नकाशासारखी उकललेली दिसतात. त्याला युक्ती कळते, पण तो फसत नाही. आणि जो फसला नाही त्याला त्या युक्तीचा प्रताप कळला, असे म्हणता येत नाही. सेंट्रल पार्कच्या खोलगट रस्त्यांचे जे झाले, तेच येथे गोमुखी दरवाजाचे होते.

वारीच्या संदर्भात हा विरोध अधिक तीव्र होतो. रिंगण आकाशातून अत्यंत मनोहर दिसते. परंतु वारकऱ्याच्या लेखी वारी हे दृश्य नसून चालणे आहे, आणि वरून घेतलेल्या चित्रात चालणे हे आकृती होऊन थांबते.

येथे ह्या दोन पुस्तकांच्या नावांकडे लक्ष वेधणे अस्थानी होणार नाही. ‘देशा’ हे संबोधन आहे. हाक मारणारा असल्याशिवाय संबोधन संभवत नाही. ‘पाहावा’ हे विध्यर्थी रूप आहे. ते विठ्ठलाशी जुळते खरे, पण ‘कोणी पाहावा’ ह्या तृतीयेची अपेक्षा ते जागी ठेवते. हवाई दृश्यात गळून पडलेला द्रष्टा ह्या नावांनी, कदाचित नकळत, परत बोलाविला आहे. चित्रांच्या वरून जाणारी दृष्टी आणि नावांतील जमिनीवरची हाक ह्यांच्यात एक ताण निर्माण होतो, आणि ह्या पुस्तकांचा विचार करताना तो ताण ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. हेलिकॉप्टरच्या दारात निदान एक माणूस वारा खात, पट्ट्यांना लटकून, स्वतःचा जीव सांभाळीत बसलेला असे. त्याचे बरेचसे काम आज ड्रोनकडे गेले आहे आणि आकाशात कोणीच नाही. पूर्वी चतुर्थी पुसावी लागे. आता ती आरंभापासूनच रिकामी असते. अशा स्थितीत समीक्षकाचे कर्तव्य साधे पण आवश्यक आहे. पॅनोरमा किती विशाल आहे ह्यापाशी न थांबता तो कोठून, किती उंचीवरून, किती अवधीत, किती तुकड्यांतून जोडला गेला आणि त्यात काय मागाहून भरले, हे विचारले पाहिजे. आणि खाली ज्या डोळ्यांसाठी ती भूमी रचली गेली, ते डोळे कोणाचे होते हेही विचारले पाहिजे. ‘गड दिसतो’ हे वाक्य खोटे नाही. ते अपुरे आहे. ‘कोणाला?’ हा प्रश्न जोडला गेल्यावरच त्याचा अर्थ पुरा होतो.