ठिपक्यांचा पतंग आणि तागाची शेंग

भिगवणला दुर्बिणी रोहित पक्ष्यांवर रोखलेल्या असतात. कुंभारगावच्या होडीकडं जाताना पायाशी गवतातून पांढुरकं काहीतरी उडतं, चार हात पुढं जाऊन काडीला बिलगतं, त्याकडं वाकून कुणी बघत नाही. बघावं. दीड इंचाच्या आसपास पंखविस्तार असलेला हा पतंग म्हणजे यूटेथीसा पल्चेला. १७५८ साली लिनियसनं नोंदवलेला.

दुधी पंखांवर लाल ठिपके, त्यांच्या अधूनमधून बारीक काळे. ओळी जुळल्या म्हणेपर्यंत मोडतात. बसला की पंख अंगाशी गुंडाळून घेतो, त्यामुळं मागच्या पंखांची वेडीवाकडी काळी किनार उडतानाच दिसते. बहुतेक पतंग दिवसा सालीत, पाचोळ्यात मिसळून जातात. हा उघड्यावर नटून बसतो. हा थाट पोटातल्या विषाच्या जोरावर.

विष येतं खाण्यातून. उजनी धरणाचं पाणी ओसरल्यावर गाळपेऱ्याच्या जमिनीत उगवणाऱ्या भुरुंडीच्या जाती, माळावरचा खुळखुळा, शेतातला ताग, या सगळ्यांत जनावरांचं यकृत बिघडवणारी कडू अल्कलॉइडं असतात. अळी ती साठवते. काळी, केसाळ, पांढऱ्या रेघांची, नारिंगी ठिपक्यांची ही अळी मला पतंगाहून देखणी वाटते. पुढं पाचोळ्यात विरळ कोश. आत शरीर मोडून नव्यानं घडतं, पण आईबापाच्या नव्हे, अळीच्या कमाईचं विष जसंच्या तसं पंखवाल्याच्या पदरात पडतं. या रचनेतली खरी कमाल मला इथं दिसते.

अमेरिकेतल्या याच्या भावकीवर कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस आयस्नर यांनी काम केलं. जाळ्यात अडकलेला पतंग कोळी चाखून बघतो आणि धागे तोडून सोडून देतो! नर मिलनावेळी मादीला विषाचा वाटा देतो, मादी तो अंड्यांत उतरवते. अंडंसुद्धा कडू.

विष सर्वांत दाट बियांत, म्हणून अळी पानं सोडून शेंगेत शिरते. इंदापूर-बारामतीकडं हा डाव बहुधा अर्ध्यावरच मोडतो. उसाआधी हिरवळीचं खत म्हणून पेरलेला ताग दीडेक महिन्यात फुलावर आला की गाडतात. शेंग धरायला सवडच नाही. शेतकरी अळीला कीड म्हणतो, ते त्याच्या हिशेबानं बरोबर. बियाण्यासाठी राखलेला एखादा पट्टा आढळलाच, तर वाळली शेंग कानाशी हलवावी. वाजली नाही, तर तिच्या कुशीला भोक शोधावं.