‘स्मृतिचित्रे’मधील दुष्टत्वाचा प्रश्न : श्रद्धा आणि दैनंदिन आचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात दुष्टत्वाचा विचार बहुधा भव्य पातळीवर झालेला दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) तो मानवाच्या आदिम पतनापासून ख्रिस्तचरित्रापर्यंत पसरलेल्या महाकथेचा भाग आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४-३६) मात्र तोच प्रश्न पाण्याच्या भांड्यापाशी आणि पतीच्या तापट स्वभावापाशी येऊन ठेपतो. या ग्रंथाचे विनोदी, प्रांजळ आत्मचरित्र म्हणून भरपूर कौतुक झाले. त्यातील धर्मविचाराकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले.

१८५७च्या उठावानंतर कुटुंबातील एका ज्येष्ठाला झालेली फाशी आणि त्यानंतर वडिलांना जडलेले सोवळ्याचे वेड यांची संगती लेखिका लावते, ही बाब लक्षणीय आहे. भयातून उपजलेला आचार घरातील बायकामुलांचा छळ कसा करतो, हे ती कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवते. पुढे, १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर, हेच सोवळे तिचा एकमेव आधार बनते. जातिभेद ईश्वराने निर्मिला की माणसाने, हा प्रश्न ती स्वतःलाच विचारते आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करते. तिचा बाप्तिस्मा पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी झाला. हा निश्चय त्याच्या आधीचा आहे. धर्मांतर येथे अगोदरच घडलेल्या आचारपालटावर शिक्कामोर्तब करते. विधीलाच परिवर्तनाचा क्षण मानणाऱ्या प्रचलित धर्मांतरकथांहून हा क्रम निराळा आहे.

अधिक अवघड प्रश्न टिळकांच्या क्रोधाचा आहे. ख्रिस्ती झाल्यावरही तो सुटत नाही. दुसऱ्याच्या दुःखाने कळवळून घरातले होते नव्हते ते देऊन टाकणारा कवी घरच्या माणसांवर कडाडतो. लक्ष्मीबाई हे लपवत नाहीत, पण बहुतेक ठिकाणी प्रसंग हास्याकडे वळवतात. हे हास्य क्षमेचे, की सोसण्याचे? समीक्षकांनी सरसकट पहिले उत्तर स्वीकारले आहे. प्रस्तुत लेखकाला ते पुरेसे वाटत नाही. काही प्रसंगांत विनोदामुळे टिळकांची मानवी बाजू उजळते. काही ठिकाणी मात्र पत्नीने मोजलेली किंमत वाचकाच्या नजरेतून निसटते. (संतचरित्रांच्या आपल्या परंपरेतही संतपत्नींचे असेच होत आले आहे.)

तरीही लेखिकेच्या श्रद्धेचे बळ याच प्रसंगांत जाणवते. १९१७ साली बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्यांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ टिळकांनी स्थापन केला. त्या व्यापक बंधुत्वाची कसोटी घरात रोज लागत होती, आणि तिची नोंद ठेवणारी व्यक्ती त्याच घरात होती. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या हाताने ख्रिस्तचरित्राच्या ओव्या रचल्या, त्याच हाताने या घरातील रागलोभही लिहून ठेवले. हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याचे काम मराठी समीक्षेत अद्याप पुरेसे झालेले नाही.