वय की वर्णन? जुन्या संगणकांवरील युनिक्ससदृश कार्यप्रणालींच्या सुसंगततेची समीक्षा

प्रस्तावना

विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. तिच्या जागी आलेली विंडोज ११ ही टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीच्या, म्हणजे २०१७ व त्यानंतरच्या, प्रोसेसरची अट घालते. परिणामी महाविद्यालयांच्या संगणक कक्षांतील सुस्थितीत चालणारी कितीतरी यंत्रे केवळ या अटींमुळे ‘जुनी’ ठरली. अशा वेळी प्राध्यापक-कक्षात दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे की, ही यंत्रे डेड स्टॉक रजिस्टरमधून निर्लेखित करून नवी घ्यावीत. दुसरे मत असे की, लिनक्स घातले की कोणताही जुना संगणक पुन्हा चालू लागतो. पहिल्या मतामागे खर्चाचा विचार नाही आणि दुसऱ्या मतामागे अनुभवाची तपासणी नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची चिकित्सा करावयाची आहे.

मानवतसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. ग्रामीण भागातून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाताला कळफलक प्रथम लागतो तो महाविद्यालयाच्या कक्षातच. कक्षातील दहा यंत्रे बाद झाली तर दहा विद्यार्थ्यांची बसण्याची जागा जाते. म्हणून कोणते यंत्र ठेवावे आणि कोणते काढावे याचा निकष काळजीपूर्वक ठरविणे आवश्यक आहे. हा निकष यंत्राचे वय नसून दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्या यंत्राच्या अंतर्रचनेचे वर्णन खुलेपणाने उपलब्ध आहे काय, ही पहिली गोष्ट. आणि त्या वर्णनाच्या आधारे आज्ञावली जिवंत ठेवणारे कोणी शिल्लक आहे काय, ही दुसरी.

सुसंगततेची संकल्पना

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या प्रयत्नांतून झाला. १९७३ मध्ये तिचा बहुतांश भाग सी या भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि कार्यप्रणाली एका विशिष्ट यंत्राशी जखडलेली असण्याची गरज उरली नाही. यंत्राशी थेट बोलणारा थोडासा भाग बदलावा आणि उरलेली रचना तशीच न्यावी, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. पुढील काळातील नेटबीएसडी, ओपनबीएसडी, फ्रीबीएसडी, लिनक्स या सर्व प्रणाली त्याच तत्त्वाच्या वारसदार होत.

यंत्राशी थेट बोलणाऱ्या या भागाला आपण ड्रायव्हर म्हणतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला त्या चिपमध्ये कोणती आज्ञा कोठे द्यावयाची हे ठाऊक असावे लागते. ही माहिती उत्पादकाने प्रसिद्ध केली असेल तर काम सुकर होते. केली नसेल तर यंत्राचे वर्तन बाहेरून न्याहाळून अंदाज बांधावा लागतो. सुसंगततेचा सारा प्रश्न या एका फरकातून उद्भवतो.

पुण्यातील एक उदाहरण

महाराष्ट्राच्या संगणक-इतिहासातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९८ मध्ये परम १०००० हा महासंगणक सादर केला. त्याचे घटक-संगणक सन मायक्रोसिस्टिम्सच्या एंटरप्राइज २५० या सर्व्हरवर आधारलेले होते. अशा प्रत्येक सर्व्हरमध्ये ४०० मेगाहर्ट्झचे दोन अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसर होते आणि त्यांवर सोलारिस ही युनिक्स चालत असे. २०१० मध्ये सन ही कंपनी ओरॅकलने ताब्यात घेतली. म्हणजे यंत्र घडविणारी कंपनीच स्वतंत्र अस्तित्वात राहिली नाही.

तरीही या कुळातील यंत्रे निरुपयोगी ठरलेली नाहीत. स्पार्क रचनेचे वर्णन सुरुवातीपासून जाहीर होते. १९९४ मध्ये तिच्या ३२-बिट रूपाला आयईईई १७५४ हे मानक लाभले आणि ६४-बिट रूपाचे वर्णनही ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यामुळे मार्च २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या नेटबीएसडी १०.० मध्ये अल्ट्रास्पार्कसाठी स्वतंत्र शाखा कायम आहे.

मात्र याच यंत्रांना डेबियन लिनक्सने २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून अधिकृत यादीतून वगळले आणि फ्रीबीएसडीने २०२१ च्या तेराव्या आवृत्तीत त्यांचा आधार काढून घेतला. येथे यंत्र तेच होते आणि वर्णनही तेच होते. फरक पडला तो राखणाऱ्यांचा. ओपनबीएसडीमध्ये प्रत्येक शाखेची आज्ञावली प्रत्यक्ष त्याच जातीच्या यंत्रावर बांधण्याचा दंडक आहे. यंत्र हाताशी असलेला माणूस उरला नाही की शाखा बंद होते. १९८० च्या दशकातील व्हॅक्स यंत्रांचा आधार तेथे २०१६ नंतर असाच थांबला. तात्पर्य, खुले वर्णन ही आवश्यक अट होय. परंतु ती पुरेशी अट नव्हे.

वयाचा निकष का फसतो

आता संगणक कक्षातील यंत्रांकडे वळू. आपल्याकडील महाविद्यालयांत जी४१ चिपसेट आणि कोअर टू ड्युओ प्रोसेसर असलेले संगणक मोठ्या संख्येने घेतले गेले. कोअर टू २००६ मध्ये आणि जी४१ चिपसेट २००८ मध्ये बाजारात आला. या पिढीतील ग्राफिक्सचे तांत्रिक वर्णन इंटेलने २००८ पासून प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये मेसा या ग्राफिक्स-संचाने तिचा जुना ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून टाकला. पण तोवर क्रोकस नावाचा नवा ड्रायव्हर त्याच यंत्रांसाठी तयार झालेला होता. त्यामुळे ही यंत्रे आजच्या लिनक्सवरही चित्र नीट दाखवितात.

याउलट २०११ च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या सीडर ट्रेल वर्गातील अॅटम प्रोसेसरांचे ग्राफिक्स बाहेरून परवान्याने घेतलेल्या पॉवरव्हीआर रचनेवर आधारलेले होते आणि तिचे वर्णन खुले नव्हते. लिनक्समध्ये त्यांना पडद्यापुरता आधार मिळाला. चित्रगती वाढविणारा खुला ड्रायव्हर मिळाला नाही. म्हणजे तीन वर्षांनी धाकटे असलेले यंत्र थोरल्यापेक्षा अधिक अडचणीचे ठरले. वयाचा निकष येथे सरळसरळ उलटा पडतो.

छपाईयंत्रांचीही हीच गत आहे. कार्यालयांत सर्रास आढळणारे कॅननचे एलबीपी २९०० हे कॅप्ट नावाच्या खासगी संकेतपद्धतीवर चालते. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला खरा. परंतु त्याचा काही भाग बंद स्वरूपात असल्याने नव्या ६४-बिट प्रणालीवर तो बसविणे जिकिरीचे होते. एचपी लेझरजेट १०२० मध्ये फर्मवेअर साठविलेलेच नसते; दर वेळी यंत्र सुरू केल्यावर ते संगणकाकडून पाठवावे लागते. संगणक चालला, पण प्रिंट निघाली नाही, तर कार्यालयीन कर्मचारी नव्या प्रणालीलाच दोष देतो, हे स्वाभाविक आहे.

‘लिनक्स सर्वत्र चालते’ या मताची मर्यादा

दुसऱ्या मताची तपासणीही तितक्याच कठोरपणे व्हावयास हवी. लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये ज्या ८०३८६ प्रोसेसरवर झाली, त्याचा आधार फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ या कर्नलमधून काढण्यात आला. इटॅनियम ही रचना जानेवारी २०२४ च्या ६.७ या कर्नलमधून गेली. उबुंटूने २०१७ मध्ये ३२-बिट डेस्कटॉप प्रती थांबविल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० तर साधारण २०१३ नंतरच्या प्रोसेसरांतील सूचनासंचाची मागणी करते.

याशिवाय कर्नल चालला म्हणजे काम भागले असे नाही. महाविद्यालयीन कामकाज आता ब्राउझरमध्ये चालते. एआयएसएचईची माहिती असो वा विद्यापीठाचे परीक्षा अर्ज असोत. क्रोमने ३२-बिट लिनक्सचा आधार २०१६ मध्येच काढला आणि फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये तोच मार्ग धरला. म्हणून ३२-बिट यंत्राला लिनक्सवर दैनंदिन कामासाठी ठेवणे आता हितावह नाही. बॉस या देशी प्रणालीच्या बाबतीतही हेच लक्षात घ्यावे लागते. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये आणलेली ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. नाव भारतीय असले तरी मुळात घेतलेल्या निर्णयांचे पडसाद तिच्यावर उमटणारच.

मराठी मजकुराची सुसंगतता

आपल्या दृष्टीने आणखी एक पैलू महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकात डॉसवर भारतीय लिपी दाखविण्यासाठी जिस्ट कार्ड वापरले जाई. ते कार्ड आज वापरातून गेले. पण त्याच परंपरेतून आलेला आणि १९९१ च्या इस्की मानकात समाविष्ट झालेला इन्स्क्रिप्ट कळफलक मात्र आज प्रत्येक प्रमुख लिनक्समध्ये उपलब्ध आहे. कार्डात कोंडलेले ज्ञान कार्डाबरोबर संपले. मानकात लिहिलेले ज्ञान टिकले. पुढे २००४ मध्ये खुल्या परवान्याने आलेल्या लोहित फाँटमुळे देवनागरीचा प्रश्नही पुष्कळसा सुटला.

मात्र जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित झालेल्या प्रश्नपत्रिका, इतिवृत्ते आणि प्रबंध यांची अडचण कायम आहे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मजकूर निरर्थक चिन्हांचा दिसतो. यंत्र बदलण्यापूर्वी असे दस्तऐवज युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हे प्रणालीच्या निवडीइतकेच निकडीचे कार्य आहे. ग्रंथालयातील सोल २.० ही विंडोजवर चालणारी आज्ञावली असल्याने ते यंत्र सरसकट बदलाच्या यादीत घालू नये, हेही येथे नमूद केले पाहिजे.

काही सूचना

वरील विवेचनावरून निर्णयाची एक पद्धत सुचविता येते. प्रथम यंत्र ६४-बिट आहे काय, हे पाहावे. असल्यास हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पडदा, नेटवर्क, ध्वनी, छपाई आणि मराठी टंकलेखन या पाच गोष्टी प्रत्येक नमुन्याच्या एका यंत्रावर तपासाव्यात. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये खरेदीच्या तारखेशेजारी चिपसेट व प्रिंटरचा नेमका नमुना आणि या तपासणीचा निकाल नोंदवावा. पुढील खरेदीच्या वेळी ‘खुला ड्रायव्हर उपलब्ध’ ही अट निविदेत घालावी. या कसोटीत न उतरणारी यंत्रे ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यावीत; भंगारवाल्याकडे नव्हे.

समारोप

विंडोजच्या अटींनी जुने ठरविलेले प्रत्येक यंत्र टाकाऊ नसते आणि लिनक्स हे प्रत्येक यंत्राचे संजीवनी औषधही नसते. ज्याचे वर्णन लिहिले गेले आणि ज्याला राखणारा लाभला, ते यंत्र चालते. यातील दुसरी अट आपल्या आवाक्यातील आहे. एखाद्या नमुन्यावर काय चालले आणि काय अडले याची नोंद आपल्याच महाविद्यालयाने ठेवली आणि ती शेजारच्या महाविद्यालयाला दिली, तर राखणाऱ्यांच्या साखळीत आपणही एक दुवा होतो. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी एवढी तपासणी झाली तरी काही विद्यार्थ्यांची संगणकासमोरची जागा शाबूत राहील.