प्रतिपिंडांची साक्ष आणि उस्मानाबादचा प्रयोग

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील शोधनिबंध २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र त्यात सहभागी होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करण्यात आले. एका गटाची 'हायब्रिड कॅप्चर' चाचणी झाली. या चाचणीत एचपीव्ही विषाणूच्या डीएनएला पूरक आरएनए धागा जोडतात आणि प्रयोगशाळेत घडविलेली प्रतिपिंडे तो संकरित गोफ पकडतात. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. विषाणू ओळखतो तो आरएनए धागा. प्रतिपिंड केवळ जोडी जुळल्याची साक्ष देते.

आठ वर्षांत या गटातील ३४,१२६ पैकी ३४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या; तपासणी न दिलेल्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. निबंधाचे यश आणि त्यावरील आक्षेप एकाच तक्त्यात आहेत. देशात सार्वत्रिक तपासणी नव्हतीच, हे समर्थन पद्धतिशास्त्राला चालेल. त्या ६४ जणींच्या संदर्भात ते अपुरे वाटते.

पुढचा भाग अधिक खटकणारा आहे. केंद्राच्या २०१६ च्या आराखड्याने स्वीकारली ती अ‍ॅसेटिक आम्लाची दृश्य तपासणी. मुंबईतील २०१४ च्या अभ्यासात तिने मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटविले, हे खरे. उस्मानाबादेत मात्र तिचा लक्षणीय परिणाम दिसला नव्हता. स्वस्त व प्रयोगशाळेविना होणारी म्हणून ती निवडली गेली, आणि काष्टीसारख्या गावातील स्त्रीसाठी शासकीय आराखड्यात तीच उरली.